एक वीरकथा आणि आयर्लंडचे स्वातंत्र्य

विराटपर्वातले गोग्रहण आपणां सर्वांना ठाऊक आहे. कौरव विराटाच्या गाई वळवून नेतात आणि एकटा अर्जुन साऱ्या सेनेला तोंड देतो. आयर्लंडच्या सर्वांत नामांकित वीरकथेचा विषयही असाच, गुरांच्या लुटीचा. कॉनॉटची राणी मेव आणि तिचा नवरा यांच्यात वाद जुंपतो, की संपत्ती कोणाची अधिक? मोजदाद होते आणि नवऱ्याचा पांढऱ्या शिंगांचा एक वळू तेवढा वरचढ ठरतो. त्याच्या तोडीचा तपकिरी वळू अल्स्टर प्रांतात कूली येथे असतो. तो पळवून आणायला राणी सैन्य घेऊन निघते. अल्स्टरचे योद्धे एका शापापायी ऐन वेळी बाळंतवेणांसारख्या कळांनी आडवे झालेले! उरतो १७ वर्षांचा कूखुलिन. नदीच्या उतारावर उभा राहून तो एकेकाशी द्वंद्व खेळतो आणि सैन्य थोपवून धरतो. पुढे एका लढाईत प्राणांतिक जखम झाल्यावर तो स्वतःला एका उभ्या दगडाशी बांधून घेतो, का, तर मरण यावे ते उभ्यानेच. खांद्यावर डोमकावळा येऊन बसेपर्यंत शत्रूला जवळ जाण्याचा धीर होत नाही.

ही कथा बाराव्या शतकातल्या हस्तलिखितांत होती. पण ती वाचणार कोण? जुनी आयरिश भाषा जाणणारे पंडित मोजकेच. १८७८ मध्ये स्टँडिश ओ'ग्रेडी या लेखकाने आयर्लंडच्या वीरयुगाचा इतिहास इंग्रजीत लिहायला घेतला आणि कूखुलिन सुशिक्षित तरुणांच्या घरी पोचला. गंमत पाहा, हे ओ'ग्रेडी ब्रिटिश साम्राज्याचे अभिमानी. आयर्लंडच्या जमीनदारांनी जुन्या सरदारांसारखे पुढारपण करावे, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांच्या पुस्तकातून बंडखोर निपजले. पुढे १९०२ मध्ये लेडी ग्रेगरी यांनी हीच कथा खेड्यांतल्या बोलीचा रंग देऊन सांगितली, आणि ती अधिकच पसरली.

पॅट्रिक पिअर्स हा अशाच वाचकांपैकी. बाप इंग्लंडात जन्मलेला पाथरवट-शिल्पी, मुलगा आयरिश भाषेचा वेडा. १९०८ मध्ये त्याने डब्लिनला मुलांची शाळा काढली. तिच्या भिंतीवर एक चित्र होते: बाल कूखुलिन शस्त्र हाती घेत आहे. आज जो शस्त्र धरील त्याची कीर्ती अखंड राहील, पण आयुष्य थोडे, असे भाकीत ऐकूनही तो मुलगा मागे सरत नाही, असा तो प्रसंग. रोज शाळेत येणाऱ्या मुलांच्या मनावर त्याचा काय संस्कार झाला असेल, हे शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, पिअर्सने डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसासमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्याच्याबरोबर त्याच्या शाळेतले काही माजी विद्यार्थीही उठावात होते. उठाव सहा दिवसांत मोडला. पाचशेच्या जवळपास माणसे गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते. तेव्हा डब्लिनच्या लोकांची बंडखोरांना फारशी सहानुभूती नव्हती. मग ३ ते १२ मेपर्यंत इंग्रज सेनापतीने १५ जणांना गोळ्या घातल्या. पिअर्स त्यांत पहिल्याच दिवशी गेला. शेवटच्या दिवशी पाळी आली जखमी जेम्स कॉनोली याची. त्याला उभे राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून मारले. दगडाशी बांधून घेतलेल्या वीराची कथा ज्यांच्या कानांवरून गेली होती, त्यांना यापुढे भाषणाची गरज उरली नाही. १९१८ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीत सिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जिंकल्या.

त्याच एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापली. हे नाव आयर्लंडहूनच आलेले. रायगडावरचा शिवोत्सव त्याआधी २० वर्षांचा, १८९६ चा. पण आपल्या बाजूला एक सोय आहे. शिवछत्रपतींविषयी वाद निघाला की पत्रे, बखरी, फारसी कागद काढून बसता येते. कूखुलिनचे काय काढणार? ज्याला जेवढी कथा हवी तेवढी त्याने उचलावी.

पिअर्सच्या भिंतीवर न आलेला भाग म्हणूनच पाहण्याजोगा आहे. राणी मेव अखेर कूखुलिनसमोर फर्डियाला उभे करते. दोघे एकाच गुरूकडे शिकलेले, सख्ख्या भावांसारखे वाढलेले. तीन दिवस लढतात, पहिल्या रात्री एकमेकांना औषध आणि अन्न धाडतात. चौथ्या दिवशी कूखुलिन त्याला मारतो आणि प्रेत उचलून आक्रोश करतो. डिसेंबर १९२१ मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि तो मान्य करावा की नाही यावर काल परवाचे सोबती एकमेकांवर उलटले. मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड हे जिवलग मित्र. ऑगस्ट १९२२ च्या आरंभी बोलंड कॉलिन्सच्या पक्षाच्या गोळीने मेला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला विरुद्ध पक्षाने कॉलिन्सला टिपले. नव्या आयरिश सरकारने यादवीत ७० हून अधिक आयरिश माणसांना देहान्त शिक्षा दिली. १९१६ मध्ये इंग्रजांनी दिलेल्या शिक्षांहून कितीतरी जास्त! फर्डियाची गोष्ट मुलांना माहीत नव्हती असे नाही, पण ती कोणी भिंतीवर काढली नव्हती.

१९३५ मध्ये डी व्हॅलेरा यांनी त्याच पोस्ट ऑफिसात ऑलिव्हर शेपर्ड यांनी घडवलेला मरणोन्मुख कूखुलिनचा पुतळा उभारला. एवढ्यावर भागले असते. पण कूखुलिन होता अल्स्टरचा, आणि अल्स्टरचा मोठा भाग ब्रिटनकडे राहिलेला. तिथल्या ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांनी पुढे म्हटले, की हा तर आमचा; दक्षिणेच्या आयरिश सेनेला एकट्याने अडवणारा अल्स्टरचा रक्षक! १९६८ ते १९९८ या तीस वर्षांत ३५०० हून अधिक माणसे ज्या तंट्यात मेली, त्यात दोन्ही बाजूंनी हा वीर वापरला. पूर्व बेलफास्टच्या भिंतीवर त्यांनी जो कूखुलिन रंगवला, तो शेपर्डच्या पुतळ्यावरूनच उतरवलेला आहे.

फर्डिया जिथे पडला असे सांगतात, ते आर्डी गाव सरहद्दीच्या अलीकडे, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे. त्याच्या आयरिश नावाचा अर्थच मुळी फर्डियाच्या उताराचे गाव.