रोजचे दहा रुपये

गरिबाला सौर दिवा परवडत नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. त्याला परवडत नाही ती एकरकमी किंमत. रॉकेल तो थोडं थोडं करून आयुष्यभर विकत घेतच आला.

हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये एका सहकाऱ्यासह कर्नाटकात ‘सेल्को’ कंपनी काढली. रस्त्यावरच्या एका विक्रेत्यानं त्यांना सांगितलं, महिन्याचे तीनशे रुपये जड जातात, रोजचे दहा जमतील. हिशेब तोच, पण गल्ला रोजचा! मला तर यात अख्खं अर्थशास्त्र दिसतं. हप्ता कमाईच्या चालीनं चालायला हवा. भाजीवाल्याचा रोज, शेतकऱ्याचा सुगीला. शिवाय दुरुस्तीला हाकेच्या अंतरावर माणूस हवा. नाहीतर बॅटरी बसली की पुन्हा चिमणीच.

बांगलादेशानं २००३ ते २०१८ या काळात बहुतांशी हप्त्यांवरच सुमारे ४० लाख घरांत सौर दिवे पोचवले. केनियात २०१२ पासून मोबाइलवरून रोजचे पैसे भरायची सोय झाली. तिथली एक गोष्ट मात्र मला खटकते. पैसे थकले की दिवा दुरूनच बंद करतात, घरात पोर अभ्यासाला बसलेलं असलं तरी.