न आलेल्या दूरध्वनींची नोंद



१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की समुपदेशकाशी विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. आलेले दूरध्वनी मोजले जातात, ते योग्यच. परंतु अडथळे मोजावयाचे तर न आलेल्या दूरध्वनींचा माग काढावा लागेल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते.

“घरी फोन आहे का?” असे विचारले की बहुधा “आहे” असेच उत्तर येते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरावयाचा मोबाइल देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्यांनी मनातले दुःख कोणाच्या देखत सांगावे? तेव्हा प्रश्नच बदलावयास हवा. फोन कोणाच्या खिशात असतो? दार लावून बोलता येते का? लावलेला फोन मध्येच का ठेवला? ‘लोक काय म्हणतील’ हे उत्तर मात्र पहिल्या भेटीत कोणी देत नाही. त्यासाठी ओसरीवर पुन्हा जाऊन बसावे लागते.

सरपंच, शिक्षक व आशाताई यांनी ही विचारपूस करताना नाव कोणाचेही लिहू नये. लहान गावात वयावरूनही घर ओळखू येते, म्हणून वयही ढोबळच टिपावे.