तापलेले इंजिन उघडताना

(शासकीय वाहनचालक, भांडारपाल आणि लेखा शाखेतील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु प्रसिद्धी अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य गाडीत जाते, आणि गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला. त्यामुळे इंजिन उघडले जात असताना शेजारी उभे राहण्याचा योग मला अनेकदा आला आहे. आज बोलावयाचे आहे ते दुरुस्तीविषयी नव्हे, दुरुस्तीपूर्वीच्या तपासणीविषयी. इंजिन तापून बंद पडले की कार्यालयात दोन कागद तयार होतात. एक गॅस्केटचे मागणीपत्र, दुसरे चालकाकडून खुलासा मागविणारे ज्ञापन. बहुधा दोन्ही कागद इंजिन उघडण्यापूर्वीच निघालेले असतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कार्यालयीन कामासाठी आमची डिझेल जीप धुळ्याहून बिजासनचा घाट चढून सेंधवा, बडवानी करीत नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यातील कुक्षीला निघाली होती. निमाडचा उन्हाळा खानदेशच्या माणसाला नवा नाही. गाव जवळ आले आणि गाडीची ओढ गेली, बॉनेटमधून वाफ निघाली, इंजिन थांबले. गाडी ओढून कुक्षीतील एका कार्यशाळेत नेली. दूरध्वनीवर कार्यालयाचा पहिला प्रश्न होता, ‘चालकाने तापमानाचा काटा पाहिला नाही काय?’ आणि पाठोपाठ, खर्च वेतनातून वसूल करावा लागेल, हेही. चालक एवढेच म्हणत होता, ‘‘साहेब, काटा मधोमध होता.’’

त्याच्यावर विश्वास ठेवणारा पहिला मनुष्य म्हणजे तेथील मिस्त्री. काट्याला माहिती देणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या खाली उतरले की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा जागच्या जागी राहू शकतो किंवा खालीही येतो. तेव्हा चालक खरे बोलत असणे शक्य होते. प्रश्न उरला तो पाणी गेले कोठे, हा.

मिस्त्रीने त्या संध्याकाळी इंजिनाला हात लावला नाही. आमची घाई त्याने मनावर घेतली नाही, हे बरे झाले. झाकणामुळे आतील पाणी दाबाखाली असते आणि १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर ते क्षणात उसळून चेहऱ्यावर येते. शिवाय गरम हेडचे बोल्ट सैल केले तर शाबूत हेडदेखील वाकू शकते.

सकाळी प्रथम तेल काढून स्वच्छ भांड्यात ठेवले. ते दुधाळ होते. थोड्या वेळाने तळाशी पाणी दिसू लागले. मग बोल्ट, कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे करून. हेड उचलल्यावर जुने गॅस्केट त्याने फेकले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधील पट्टी जळून गेलेली होती. तिसऱ्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा लखलखीत होता, शेजारचे काजळलेले. आत शिरलेल्या पाण्याच्या वाफेने काजळी निघून जाते. म्हणजे पाणी कोणत्या घरात शिरले हे पिस्टनच सांगतो.

हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, पण बोल्टांनी जखडलेले असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही आणि ते वाकते. हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकविली. ०.१५ मि.मी.ची पाती मधोमध सहज गेली. पुस्तिकेतील मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या आसपास असते. असे हेड घासून सपाट करता येते; मात्र झडपांच्या बैठकींमध्ये तडा असेल तर घासण्याचा खर्च वाया जातो. म्हणून आधी रंगद्रव्याची परीक्षा. आमच्या हेडवर केसाएवढी लाल रेषा उमटली.

पुष्कळ ठिकाणी तपासणी येथेच थांबते. लेखा शाखेतील मित्रांनी हे मुद्दाम ऐकावे: नवे हेड बसवून जुन्या खालच्या भागावर इंजिन बांधले, तर काही महिन्यांत दुसरे देयक येते. मिस्त्रीने खालची तेलटाकीही उतरविली. पाणी मिसळलेल्या तेलाने बेअरिंगांचा मुलामा खाल्ला होता. दोन पिस्टनांच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि लायनरवर ते नखाला लागत होते. क्रँक मात्र मापात निघाली.

आणि मग कारण. पाण्याच्या पंपाखालील बारीक छिद्रापासून वाळलेला पांढरा ओघळ गेलेला होता. पंपाचे सील झिरपत होते. चालत्या गाडीत ते पाणी तापलेल्या लोखंडावर वाळून जाते, जमिनीवर डाग पडत नाही. थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात तापमापकासह ठेवला. तो ठीक उघडला. हेडमधील पाण्याच्या वाटा मात्र पांढऱ्या खपलीने अरुंद झालेल्या होत्या. मिस्त्रीने पाहताक्षणी ओळखले. कुक्षीजवळच्या बाघ परिसरात भूशास्त्रज्ञ ज्यांना ‘बाघ थर’ म्हणतात ते चुनखडीचे खडक आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. अशा भूमीतील विहिरींचे पाणी रेडिएटरमध्ये काय करते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आमच्या जीपने गावोगावच्या कूपनलिकांचे पाणी वर्षानुवर्षे घेतले होते. खपली उष्णता धातूपेक्षा फारच कमी वाहून नेते. त्यातच पाणी घटले.

लॉगबुक व भांडार नोंदवही मागवून पाहिली. तीन वर्षांत शीतक द्रव किंवा ऊर्ध्वपातित पाणी खरेदी केल्याची एकही नोंद नव्हती. चालकाचे मागणी अर्ज मात्र दोन होते, दोन्हींवर ‘तूर्त तरतूद नाही’ असा शेरा.

अहवालासोबत गॅस्केट, पंप आणि हेड क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधून गोणपाटात धुळ्याला पाठविले. हेड, पंप, दोन पिस्टन-लायनर व सर्व बेअरिंगे बदलली, रेडिएटर साफ करून घेतला. वसुलीचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. त्याला अहवाल पोहोचल्यानंतरही चार महिने लागले.