‘टेक’ म्हणजे घेणे, पण तेवढेच नव्हे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी एकच शब्द सांगितला : ‘टेक’. त्यांना तो मराठीतला टेक वाटला, म्हणजे नेम, बाणा. निमंत्रणपत्रिकेवर ‘टेक आणि विद्यार्थी’ असे छापावयाचे थोडक्यात राहिले. तसे छापले असते तर आज मला चारित्र्यावर बोलावे लागले असते, आणि त्या विषयावर बोलणारे माझ्यापेक्षा पुष्कळ अधिकारी लोक या मंचावर बसलेले आहेत. मी आयुष्यभर इंग्रजी शिकविले. तेव्हा इंग्रजीतील एका साध्या क्रियापदाविषयीच बोलणार आहे.

प्रथम आपल्याच गावची एक दंतकथा. जव्हारचे राज्य कसे झाले हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. ठाण्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्येही ती हकिकत आलेली आहे. जयबा मुकणे याने इथल्या प्रमुखाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. एवढीशी मागणी, प्रमुख हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढला. अशीच कथा आफ्रिकेतील कार्थेजच्या राणीविषयी सांगतात, म्हणून इतिहासकार ती खरी धरीत नाहीत. पुढे याच घराण्यातील नीमशहा यास 1343 साली दिल्लीच्या सुलतानाकडून शहा हा किताब मिळाला, असे गॅझेटियर सांगते. ते असो. मला त्या कथेतील प्रमुखाची कीव येते. त्याला मागणीतला शब्द न् शब्द येत होता. ‘मावेल’ या शब्दाचा एक अर्थ त्याने धरला, समोरच्याने दुसरा.

असेच एकदा आमच्या घरी झाले. मी तेव्हा नववीत होतो. हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. वडिलांचे भाड्याच्या गाळ्यात छोटेसे दुकान होते. एके दिवशी पोस्टमनने एक जाड लिफाफा आणला. आत इंग्रजीत टाइप केलेला कागद. घरात इंग्रजी शिकणारा मी एकटा. अब्बांनी कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “पढ़ के बता, क्या लिखा है.” पहिल्याच ओळीत होते, ‘टेक नोटिस दॅट’. पुढची वाक्ये हातभर लांब. मला ‘टेक’ येत होते, ‘नोटिस’ येत होते. मी ऐटीत सांगितले, “नोटीस लो, ऐसा लिखा है.” अब्बा म्हणाले, “ले तो ली. दस्तखत करके ली.” आणि त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला.

‘टेक नोटिस दॅट’ याचा अर्थ ‘ध्यानात घ्या की’. कागद हातात घ्यावयाचा नव्हता, त्यातला मजकूर डोक्यात घ्यावयाचा होता. गाळा खाली करा, हरकत असेल तर ठरावीक मुदतीत कळवा, असे पुढे लिहिले होते. मुदत पेटीतच संपली. नंतर वकिलाकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, वेळेवर उत्तर गेले असते तर बोलणे आपल्या बाजूने चालले असते. शेवटी तडजोड झाली आणि गाळा गेला. अब्बांनी पुढची काही वर्षे आठवडी बाजारांतून माल विकला. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

म्हणून पालकहो, मी ‘टेक’ घेऊन उभा आहे.

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. 2000 सालापासून आपल्या राज्यात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतूनही ते पहिलीपासून शिकविले जाते. मूल ‘टेक’ हा शब्द अगदी लवकर शिकते. ‘टेक म्हणजे घेणे’ असे वहीत लिहिते आणि तिथेच तो धडा संपतो. खरे तर धडा तिथून सुरू व्हावयास हवा.

आपल्या मुलांच्या पदरात एकाहून अधिक भाषा आहेत, हे आपण विसरतो. घरी कुणाकडे उर्दू, कुणाकडे दख्खनी वळणाची बोली, कुणाकडे मराठीच. शाळेत आणि बाजारात मराठी. बाकावर शेजारी बसलेला मित्र वारली किंवा ठाकूर समाजाचा, त्याची बोली आणखी निराळी. असे मूल भाषेत गरीब नाही. घरची मराठी आणि उर्दू समोर ठेवून हे क्रियापद उलगडून पाहू.

‘टेक धिस बुक’ : हे पुस्तक घे, ये किताब लो. इथे काही अडचण नाही. ‘टेक युवर सिस्टर टू स्कूल’ म्हटले की मात्र मराठीत ‘घे’ चालत नाही, ‘ने’ लागते. बहिणीला शाळेत ने. उर्दूत ‘ले जाओ’. म्हणजे इंग्रजीच्या एका शब्दात आपले घेणे आणि नेणे दोन्ही बसले. याचा जोडीदार ‘ब्रिंग’, म्हणजे आणणे, ले आना. मुले या दोहोंत गोंधळतात तेव्हा मी त्यांना इंग्रजी नियम सांगत नाही. मी म्हणतो, आधी मराठीत बोल. डबा शाळेत ‘नेतोस’ की ‘आणतोस’? घरून बोलत असशील तर ‘नेतो’, शाळेत उभा राहून बोलत असशील तर ‘आणतो’. बस्स, तेच ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’. मुलाला हा फरक आईने दोन वर्षांचा असतानाच शिकवून ठेवलेला असतो.

आता वेळेचे. ‘इट टेक्स टू अवर्स’ : दोन तास लागतात. इथे मराठीचे ‘लागणे’ आले. नाशिकला जावयास वेळ लागतो, घर बांधावयास पैसा लागतो, खरे बोलावयास धीर लागतो. इंग्रजीत सगळीकडे ‘टेक’. अडचण त्या ‘इट’ची आहे. मुले विचारतात, “सर, हा ‘इट’ कोण?” कोणीही नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवणे सोसत नाही, म्हणून तिथे एक माणूस नुसता बसवून ठेवतात. आपल्याकडे पाऊस पडतो, बारिश होती है. इंग्रजीत ‘इट रेन्स’. जव्हारसारख्या गावात, जिथे पावसाळ्याचे चार महिने दुसरे काही दिसतच नाही, तिथे मुलांना हे पटवून देणे कठीण जाते. एका मुलीने मला विचारले होते, “पाऊस स्वतः पडत असताना तो ‘इट’ मध्ये कशाला?” प्रश्न अगदी बरोबर होता.

औषधाची गंमत ऐका. मराठीत आपण औषध घेतो आणि इंग्रजीतही ‘टेक मेडिसिन’, म्हणजे जुळले. पण उर्दूत दवा ‘खातात’. तेव्हा उर्दू बोलणारे मूल ‘ईट मेडिसिन’ म्हणते आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांना सांगा की चिनी भाषेतही औषध खातातच, आणि इंग्रजी शिकणारा चिनी मुलगा नेमकी हीच चूक करतो. तो बसमध्येही ‘बसतो’, आपण गाडीत बसतो तसा; इंग्रज मात्र ‘टेक अ बस’ म्हणतो. म्हणजे चूक अडाणीपणाची नसते, तिच्यामागे एक अख्खी भाषा उभी असते. जाता जाता : दवाखान्याचा या खाण्याशी संबंध नाही. तो फारसीतला ‘ख़ाना’, म्हणजे घर. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी आश्चर्य करते.

आता परीक्षा. हा मुद्दा मुलांनी कान देऊन ऐकावा. आपण मराठीत परीक्षा देतो, उर्दूत इम्तिहान देते हैं. म्हणून आपण इंग्रजीत ‘गिव्ह ॲन एक्झाम’ म्हणतो. पुस्तकी इंग्रजीत परीक्षा ‘देतो’ तो शिक्षक, विद्यार्थी ती ‘घेतो’ : ‘टेक ॲन एक्झाम’. मराठीत नेमके उलट. इथे परीक्षा शिक्षक घेतो. मुलाखतीत ‘आय गेव्ह माय एक्झाम इन मार्च’ असे म्हटल्यावर समोरचा साहेब गालात हसतो, हे तुमच्यापैकी काहींच्या वाट्याला येईल. माझे मत विचाराल तर त्यात हसण्यासारखे काही नाही. भारतभर असंख्य सुशिक्षित माणसे तसे बोलतात आणि ते सगळ्यांना समजते. पण उत्तरपत्रिकेत आणि अर्जात ‘टेक’च लिहा. गुण देणारा माणूस समोर नसतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

चहाचेही तसेच. पाहुण्याला आपण ‘चहा प्या’ म्हणत नाही, ‘चहा घ्या’ म्हणतो, उर्दूत ‘लीजिए’. त्यात अदब आहे. म्हणून शाळेत आलेल्या अधिकाऱ्यांना आपला मॉनिटर ‘प्लीज टेक टी’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘हॅव सम टी’ अधिक शोभते. पण ज्या मुलाने ‘टेक’ म्हटले त्याने आपली अदब इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न केला, हे शिक्षकांनी ओळखावे आणि मगच दुरुस्त करावे.

काही ठिकाणी मात्र आपल्या ‘घे’ला इंग्रजीत जागाच नाही. जेवून घे, वाचून घे; खा लो, पढ़ लो. हा ‘घे’ हाताने घ्यावयाचा नाही. आपल्यासाठी काम उरकून टाक, एवढीच छटा त्याने येते. तो सोडून द्यावा. नुसते ‘ईट’, ‘रीड’ पुरे. एका मुलाने मला ‘आय हॅव ईट अँड टेकन’ लिहून दिले होते. त्याने काही शिल्लक ठेवले नव्हते!

उलट एके ठिकाणी आपल्या दोन्ही भाषा एकमुखाने बोलतात. मुलगा बापावर गेला, बाप पर गया है. इंग्रजीत त्याला ‘ही टेक्स आफ्टर हिज फादर’ म्हणतात. तिथे ‘आफ्टर’ म्हणजे नंतर नव्हे, हे मुलांना सांगावे लागते. ‘टेक ऑफ’ म्हणजे पायांतल्या चपला काढणे, आणि विमानाचे उडणेही. ‘टेक अ फोटो’ हेही काढणेच. ‘टेक पार्ट’ भाग घेणे, ‘टेक केअर’ काळजी घेणे, ही सरळ आहेत. ‘टेक फॉर ग्रँटेड’ म्हणजे गृहीत धरणे. त्याचे उदाहरण हवे असेल तर घरातल्या आईकडे पाहावे.

एवढे अर्थ एका शब्दात का, असे मुले विचारतात. हा शब्द इंग्रजांचा मूळचा नव्हेच. सुमारे हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडील लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्याबरोबर तो आला. इंग्रजीचा स्वतःचा शब्द ‘निमन’ होता, तो मागे पडला. बधिर या अर्थी ‘नम’ हा शब्द त्याची आठवण म्हणून राहिला आहे. आपलेही तसेच आहे. घेणे हे संस्कृतातील ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे यावरून आले, आणि लेना हे ‘लभ्’ म्हणजे मिळणे यावरून. आणि माझ्या वडिलांच्या त्या गोष्टीत मी वापरलेले मुदत, वकील, हरकत हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. कुणी त्यांना परके म्हणत नाही.

पालक मला भेटून विचारतात, “सर, मुलाला इंग्रजी माध्यमात घालू का?” मी हो किंवा नाही म्हणत नाही. मी मुलाला जवळ बोलावतो आणि विचारतो, “ ‘टेक’ म्हणजे काय?” इंग्रजी माध्यमातले मूल काय आणि आपल्या शाळेतले काय, बहुतेक वेळा एकच उत्तर येते : घेणे. मग मी विचारतो, “आणखी काय?” तिथे जे मूल थांबून आठवू लागते, त्याचे चांगले चालले आहे असे मी समजतो, माध्यम कोणतेही असो. जे मूल लगेच ‘बस, एवढेच’ म्हणते, त्याची फी कितीही भरा.

शब्दकोश घरात असावा, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. आमच्या घरी नव्हता. मुलांनी शब्दापुढे एक अर्थ लिहून वही मिटू नये. एकेका क्रियापदाला वहीचे एक पान द्यावे, त्यात वाक्ये लिहावीत, आणि प्रत्येक वाक्याखाली आपण घरी तेच कसे बोलतो ते लिहावे. आईला विचारावे. आई शाळेत गेलेली नसली तरी चालते. नेणे आणि आणणे यांतला फरक तिला कळतो. आणि घरी इंग्रजीत सरकारी किंवा वकिलाचा कागद आला तर मुलाने ‘मला येते’ म्हणू नये. ‘वाचता येते, अर्थ विचारून येतो’ म्हणावे, आणि त्याच दिवशी शाळेत यावे. निवृत्त झालो तरी मी अजून याच गावात आहे.

तो कागद माझ्याकडे आहे. अब्बांच्या पश्चात पेटी उघडली तेव्हा सापडला, घडीवर घडी तशीच. आज खिशात घेऊन आलो होतो, वाचून दाखवावा म्हणून, पण अध्यक्ष महाशयांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि मुलांचे बक्षीस वितरण अजून व्हावयाचे आहे. ‘गेट’ हे क्रियापद ‘टेक’हून वाईट आहे, आपण बोलावलेत तर पुढच्या वर्षी त्याच्याविषयी सांगेन.