भूकंपाचा अंक आणि आपले घर

(वर्धापनदिनी झालेले भाषण)



धरणी हादरली की शेषाने माथा हलविला, असे जुन्या बायका सांगत. शास्त्र सांगते ते असे. पृथ्वीचे कठीण कवच अखंड नाही. त्याचे प्रचंड तुकडे फार सावकाश सरकत असतात. भारताचा तुकडा दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण आपल्या दख्खनच्या खडकांतही साठतो. पावसाळ्यात फुगलेले दार ढकलले तर हलत नाही. जोर वाढविला की धाडकन उघडते. खडकही तसेच जुन्या भेगेवर एकाएकी सरकतात, आणि हादऱ्याच्या लाटा चहूकडे धावतात. हाच भूकंप.

तो मोजतात कसा? जमीन हलली तरी टांगलेले जड वजन जागीच राहू पाहते. या दोहोंतला फरक यंत्र रेघेने टिपते. प्रथम वेगवान लाट पोचते, मागून संथ पण अधिक हादरविणारी. दोघींतील वेळेवरून भूकंपाचे केंद्र किती दूर ते कळते. तीन ठिकाणच्या नोंदी जुळविल्या की जागा सापडते. १९३५ साली रिश्टर यांनी मोजपट्टी घालून दिली. तीत १ अंक वाढला की यंत्रावरची रेघ १० पट हलते, आणि शक्ती सुमारे ३२ पट होते.

परंतु हा अंक भूकंपाचा, नुकसानीचा नव्हे. दिवा एकच, पण उजेड ओटीवर निराळा, माजघरात निराळा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेस आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीस पहाटेच भूकंप झाले. दोन्ही ६ हून थोडे अधिक. कोयनेस सुमारे १८० माणसे गेली, किल्लारीच्या बाजूस हजारो. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. वस्ती दाट, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंतीचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. छप्परासह सारे अंगावर आले.

म्हणून भगिनींनो, घर बांधताना ओटा कोठे, देवघर कोठे, हे आपण विचारतोच. त्याबरोबर गवंड्याला हेही विचारा: भिंतीत आरपार जाणारे दगड घातलेत का? दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना जखडणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? आजच घरी जाऊन मुलांच्या अंथरुणावरच्या फळीवरील जड डबे खाली ठेवा, कपाट भिंतीला पक्के करा. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. घर मात्र आधी सावरता येते.