पाळीपलीकडचा शत्रू



मी कुरखेड्याच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. एकदा वर्गात शिपाई नामदेव जाधव यांची गोष्ट सांगत होतो. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचा हा तरुण. दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांशी लढताना त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. गोष्ट संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण समोर कोण होतं?" मी म्हटलं, "जर्मन." तिचा लगेच दुसरा प्रश्न, "जर्मन म्हणजे कोणते? किती?" त्या दिवशी मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, शत्रूची ओळखच करून दिली नाही तर शौर्याचं माप तरी कशाने घ्यायचं? आज तेच उत्तर द्यायचं आहे.

सैन्य ही एक उतरंड असते. दहाएक जवानांचं सेक्शन, त्यावर प्लाटून, कंपनी, बटालियन. त्यावर ब्रिगेड किंवा रेजिमेंट, मग डिव्हिजन, आणि दोन-चार डिव्हिजनांवर मिळून एक कोअर. जर्मन डिव्हिजनचं घर पक्कं असे. तिचे पायदळ, तोफा, इंजिनिअर ठरलेले. कोअरचं तसं नव्हतं. तिथे कायमचं असे ते सेनापतीचं मुख्यालय, संदेशवहनाची तुकडी, काही जड तोफा आणि रसद. डिव्हिजना मात्र आज मिळत, उद्या काढून घेतल्या जात. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बांधी एकाची असते, पण रोवणाऱ्या बायांची टोळी आज इथे, उद्या पलीकडच्या गावात. तसाच हा प्रकार.

नामदेव जाधवांच्या समोर होती ती ७६ वी पॅन्झर कोअर. पॅन्झर म्हणजे चिलखती, रणगाड्यांची. १९४३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ती उभी राहिली आणि लगेच इटलीत आली. सेनापती होता ट्राउगोट हेर. सप्टेंबरात सालेर्नोच्या किनाऱ्यावर ती दोस्तांशी लढली. नोव्हेंबरात सांग्रो नदीवर ब्रिटिशांच्या आठव्या सेनेने तिच्यावर चाल केली, तेव्हा त्या सेनेत आपली आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये जाधवांची पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. म्हणजे ही ओळख जुनीच होती! पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये अँझिओला उतरलेल्या दोस्तांना समुद्रात ढकलायच्या प्रयत्नात हीच कोअर होती. तो प्रयत्न फसला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रिमिनीजवळ तिने आठव्या सेनेला आठवडे-आठवडे झुंजवलं. हे सैन्य लेचंपेचं नव्हतं, एवढं यावरून कळावं.

आता १९४५ चा एप्रिल. कोअरच्या नावात रणगाडे उरले होते, पण हाताखाली होत्या त्या मुख्यतः पायदळाच्या थकलेल्या डिव्हिजना. हेर बढती मिळून वर गेला होता आणि सूत्रं गेरहार्ड फॉन श्वेरिन याच्याकडे आली होती. हा माणूस जरा वेगळा. १९४४ मध्ये आखेन शहरात असताना त्याने, शहरातल्या नागरिकांना माणुसकीने वागवा, अशी चिठ्ठी येणाऱ्या अमेरिकनांसाठी मागे ठेवली. ती चिठ्ठी त्याच्याच वरिष्ठांच्या हाती लागली आणि त्याचं पद गेलं. तरी पुढे त्याला ही कोअर मिळाली.

ही कोअर सेनिओ नदीच्या काठी दबा धरून होती. नदी फार मोठी नाही, आपल्या सती नदीसारखीच मानायला हरकत नाही. पण पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही काठांना मातीच्या पाळी घातलेल्या, काही ठिकाणी वीस फुटांहूनही उंच. आपल्या मामा तलावाची पाळ डोळ्यांसमोर आणा. तिच्या पोटात बोगदे खणून मशिनगन बसवल्या आहेत, उतारावर सुरुंग पेरले आहेत आणि मधल्या पाण्यातून आपल्याला पलीकडे जायचं आहे!

९ एप्रिल १९४५. दुपारी आठशेच्या वर जड बॉम्बफेकी विमानांनी जर्मन फळीमागची जमीन भाजून काढली. मग कित्येक तास तोफा चालल्या. संध्याकाळी पायदळ निघालं. नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्ये. कंपनी कमांडर आणि मोजक्या जवानांबरोबर ते पाण्यात उतरले. पूर्वेकडच्या पाळीत दडलेल्या किमान तीन चौक्यांतून मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे, एकटे जाधव सोडून, तिथेच पडले. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेतलं आणि खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांमधून सुरक्षित जागी पोचवलं. परत येऊन दुसऱ्याला नेलं. मग ते तिसऱ्यांदा गेले, ते चौक्यांवर. पहिली टॉमीगनने गप्प केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्बने उरलेल्या दोन चौक्या संपवल्या. शेवटी पाळीच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने खुणावून पुढे बोलावलं.

नदी ओलांडली गेली. मागे पो नदीपर्यंत हटण्याची परवानगी जर्मन सेनापतींनी मागितली होती. हिटलरने ती नाकारली. हटायची वेळ आली तेव्हा पेट्रोल नव्हतं, पूल नव्हते. रणगाडे, तोफा, गाड्या पोच्या दक्षिण काठावरच राहिल्या. जवळपास दोन वर्षं इटलीभर लढलेली कोअर पंधरवड्यात विस्कटली. एप्रिल संपण्याआधी श्वेरिन शरण आला आणि २ मे रोजी इटलीतलं युद्ध थांबलं.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट मला सलते आणि ती तुमच्यापासून लपवू नये. जाधव इटलीत लढत होते त्याच दिवसांत, आपण ज्या चांदा जिल्ह्यात होतो त्याच जिल्ह्यातल्या चिमूरचे लोक १९४२ च्या उठावासाठी इंग्रजांच्या तुरुंगात होते. काहींना फाशीची शिक्षा झालेली होती. एकाच इंग्रज सरकारने एकाला पदक दिलं आणि दुसऱ्याला फास दाखवला. यात कोणाचं शौर्य खरं, असं मुलांनी विचारलं तर मी सांगेन, दोघांचंही. जखमी सोबत्याला पाण्यातून नेणाऱ्या हातांनी साम्राज्याचा विचार केला नसेल.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन पाळी आणि मधली नदी काढून दाखवली. एका बाजूला नकाशावर कित्येक मैल पसरलेली जर्मन कोअर, आणि तिच्या पुढ्यात संगमनेरचा तेवीस वर्षांचा निरोप्या. ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी वर्गात टाळ्या वाजल्या नाहीत. पण गोष्ट पोचली, असं मला वाटलं.