इंग्रजी वाक्यातील शब्दाची जागा



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानास आम्ही इंग्रजी वाक्यातील शब्दक्रमाचा विषय निवडला, तो काहींना शाळकरी वाटेल. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्याचा मोठा भाग मसुदे लिहिण्यात व तपासण्यात गेल्यावर आमचे असे मत झाले आहे की, इंग्रजीत अडणारा मराठी माणूस शब्दांच्या तुटवड्यामुळे क्वचितच अडतो. तो अडतो शब्दांच्या जागेपाशी.

रायपूरकरांना हे विशेष जाणवते. आपण घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलतो. तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. याच शहरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. त्या कार्यात विचारांचे ओझे थोर होते. वाक्याचा सांगाडा मोडण्याचे कारण मात्र फारसे नव्हते. इंग्रजीत तो सांगाडाच फिरवावा लागतो. ‘रायपूरच्या स्थानकाबाहेरील दुकानात’ हे शब्द घ्या. इंग्रजीत आरंभ शेवटच्या ‘त’ने होतो: ‘इन द शॉप आउटसाइड द स्टेशन ऑफ रायपूर’. आपले पहिले पद तेथे अखेरीस गेले!

याचे कारण विभक्तीत आहे. ‘रामाने रावणास मारिले’ आणि ‘रावणास रामाने मारिले’ यांचा अर्थ एकच, कारण कर्ता व कर्म आपापली खूण अंगावर बाळगतात. जुन्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. कालौघात ते बहुतेक झिजले आणि त्यांचे काम जागेकडे आले. म्हणून ‘राम किल्ड रावण’ यातील दोन नावांची अदलाबदल केली, तर रामायणच उलटते.

ही बाब केवळ परीक्षेतील गुणांची नाही. 1963 च्या राजभाषा अधिनियमाच्या कलम 3(3) अन्वये केंद्रीय कचेऱ्यांचे सामान्य आदेश हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांत काढावे लागतात. समजा, आदेश आहे: ‘ओन्ली पर्मनंट स्टाफ मे अप्लाय फॉर द अॅडव्हान्स’. यात अस्थायी नोकर वगळले गेले. तोच ‘ओन्ली’ उचलून ‘अप्लाय’च्या पुढे ठेवला, की कायम नोकरांना अग्रिमाखेरीज दुसरे काही मागता येत नाही, असा अर्थ होतो. मराठीत आपण ‘कर्मचारीच’ किंवा ‘अग्रिमासाठीच’ असे म्हणून मोकळे होतो. आपला ‘च’ ज्याचा त्यालाच चिकटलेला असतो. इंग्रजीत एका शब्दाची जागा चुकली, तर कोणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठीची रक्कम अडून राहते.

मग उपाय कोणता? महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरविली. तिचे मर्म साधे होते: मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे आणि इंग्रजीचे मराठी. नियम एक ओळीचा, वाक्ये पुष्कळ. पोहणे जसे पुस्तकाने येत नाही, तसा शब्दक्रमही केवळ व्याख्येने येत नाही. आम्ही तरुण सहकाऱ्यांस एवढेच सांगतो की, रोज दहा वाक्ये लिहा. आधी मराठी वाक्यातील कर्ता, क्रियापद व कर्म ओळखा, मग त्यांना इंग्रजीत आपापल्या जागी बसवा. त्याच वाक्याचा नकार करा, प्रश्न करा. ‘तू कोठे जातोस?’ आणि ‘तू कोठे जातोस ते मला ठाऊक नाही’ यांत मराठी क्रम बदलत नाही. इंग्रजीत पहिल्यात ‘आर यू’, तर दुसऱ्यात ‘यू आर’ होते. हा भेद कानात बसेपर्यंत वाक्ये मोठ्याने म्हणा.

या अभ्यासाला मराठीचा पाया लागतो. ज्या मुलास स्वतःच्या वाक्यातील कर्ता सापडत नाही, त्यास इंग्रजीतील कर्ता कोठून सापडणार? मराठी सोडल्याने इंग्रजी सुधारते, हा समज म्हणूनच घातक आहे.

आमची विनंती एवढीच की, मंडळाने आठवड्यातील एक संध्याकाळ या वाक्यांसाठी राखावी. तेथे शिपायाचा मुलगा व अधिकाऱ्याची मुलगी एका बाकावर बसावीत, आणि चुकणाऱ्यास कोणी हसू नये. काम उत्तम जाणणारी कितीतरी माणसे सभेत केवळ वाक्य जुळत नाही म्हणून गप्प बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या मुलांवर ती पाळी येऊ नये, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.